पाच-पाच किलो तेल आणि पंधराचा डबा: करी रोडच्या सहा घरांची एक घाऊक ऑर्डर

सहा घरं, एक ऑनलाइन ऑर्डर, बिल 18,211 रुपये, आणि सगळं झाल्यावर वाचले किती तर घरटी 130 रुपये. ह्या 130 रुपयांचा हिशोब मी वहीत मांडून ठेवलाय, कारण मधल्या काळात बिल्डिंगमधल्या एका माणसाने दुसऱ्या माणसावर तेल मारल्याचा आळ घेतला, आणि तो आळ चुकीचा होता हे कळायला पंधरा मिनिटं लागली, पण तेवढ्यात जे व्हायचं ते झालं होतं.

आमची बिल्डिंग करी रोडला. जुनी चाळ पाडून झालेली, सात मजले, लिफ्ट एकच आणि तीही अशी की दोन माणसं आणि एक पिठाचा डबा आत गेला की तिसऱ्याने जिन्याने यायचं. तळमजल्यावर काकूंची खानावळ आहे, त्या लोअर परळच्या ऑफिसांना डबे पुरवतात. काकूंकडे एका घाऊक दुकानाच्या ॲपचं अकाउंट आहे (नाव लिहीत नाही, गरज पण नाही), त्या त्याच्यावरून तांदूळ डाळ मागवतात. सप्टेंबरच्या शेवटी जिन्यात गप्पा मारताना त्या सहज बोलून गेल्या की बेसन 92 रुपये किलो पडतं, आणि झालं, सहाव्या मजल्यावरची वहिनी म्हणाली अहो मग दिवाळीचं सगळ्यांचं एकदमच मागवूया की.

आता हे अकाउंट कोणालाही मिळत नाही. आपल्याकडे घाऊक विक्रीचे नियम असे आहेत की परदेशी पैसा लागलेलं कॅश अँड कॅरी दुकान धंदेवाल्यालाच माल विकू शकतं, घरच्या वापरासाठी घेणाऱ्याला नाही, म्हणून मग जीएसटी नंबर नाहीतर गुमास्ता (दुकानाच्या नोंदणीचा कागद) नाहीतर अन्न परवाना असलं काहीतरी मागतात आणि तीच सवय सगळ्या घाऊक ॲपवाल्यांना लागलीय. काकूंकडे गुमास्ता आहे. म्हणजे खरं बघायला गेलं तर 2017 च्या नव्या कायद्याप्रमाणे मोजकेच कामगार असले तर नोंदणी वगैरे नसतेच, नुसती ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची, पण मुंबईत त्या पावतीला पण सगळे गुमास्ताच म्हणतात. तर त्या गुमास्त्यावर आम्ही सहा घरांनी दिवाळी काढायची ठरवली. हे नियमात बसत नाही हे मला तेव्हाही माहीत होतं, उगाच साळसूदपणा करत नाही.

माझी थोरली जाऊ न्यू जर्सीला असते. तिला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर म्हणाली अगं त्यात काय, इथे आम्ही दर महिन्याला कॉस्टकोतून असंच आणतो. कॉस्टको म्हणजे तिकडचं मेंबरशिपवालं घाऊक दुकान. मेंबरशिपला वर्षाला 65 डॉलर, वरची घेतली तर 130, आणि मेंबर नसलात तरी त्यांच्या वेबसाइटवरून बरंचसं घेता येतं पण वर 5 टक्के जास्त लावतात. आणि एक गोष्ट तिने सांगितली ती माझ्या डोक्यात राहिली: तीच वस्तू दुकानात जाऊन घेतली तर बऱ्याचदा स्वस्त पडते, कारण ऑनलाइनच्या भावात घरपोच आणून द्यायचा खर्च आधीच धरलेला असतो, म्हणजे फ्री डिलिव्हरी फ्री नसते. मी नंतर थोडं वाचलं. हा सगळा प्रकार 1976 मध्ये सॅन डिएगोला सॉल प्राइस नावाच्या माणसाने विमानाच्या जुन्या हँगरमध्ये सुरू केला, प्राइस क्लब, आणि गंमत म्हणजे सुरुवातीला तिथे पण फक्त धंदेवाल्यांनाच घेत होते, आपल्या गुमास्त्यासारखंच. कॉस्टको आली 1983 ला आणि 1993 ला दोघं एक झाले. त्यांचं गणित असं की मालावर नफा 14-15 टक्क्यांच्या वर लावायचा नाही आणि खरी कमाई मेंबरशिपच्या फीमधून करायची.

पण जावेकडे गॅरेज आहे. गॅरेजमध्ये दुसरा फ्रीज आहे. आमच्याकडे दिवाण आहे, त्याच्या पोटात आधीच गाद्या, ख्रिसमसचं झाड (मुलीचा हट्ट), जुना मिक्सर आणि गौरीचे मुखवटे. घाऊकवाला 5 किलोऐवजी 50 किलो एकदम देतो तेव्हा तो त्याच्या गोदामातली जागा मोकळी करतो आणि माल तुमच्या दिवाणात ठेवतो, त्या जागेचं भाडं पकडलं तर करी रोडच्या भावाने कुठलंच बेसन स्वस्त नाही.

तर ऑर्डर. 8 ऑक्टोबर 2025, बुधवार, रात्री साडेदहा, काकूंच्या खानावळीतल्या स्टीलच्या टेबलावर मी, काकू आणि सहाव्या मजल्यावरची वहिनी. प्रत्येकाने ग्रुपवर आपापली मागणी टाकली होती आणि ती सगळी किलोत होती, तेलसुद्धा, कारण आपण तेल किलोतच बोलतो, आई, म्हणजे माझ्या सासूबाई, अजून म्हणतात दीड किलो तेल आण. सहाही घरांचं म्हणणं पाच-पाच किलो. सहा पाचे तीस. ॲपवर सूर्यफूल तेलाचे दोन डबे समोरासमोर होते, एक 2,310 रुपयांचा आणि एक 2,460 चा, दोन्हीवर 15 लिहिलेलं, कंपनी वेगळी. आम्ही 2,310 चा घेतला, दोन नग. तिघींपैकी एकीनेही 15 च्या पुढे काय लिहिलंय ते वाचलं नाही. ह्याच्यावर मी पुढे येते.

बाकी यादी: बेसन 20 किलो, मैदा 10, बारीक रवा 15, साखरेची 50 ची गोणी, पातळ पोहे 10, शेंगदाणे 10, डाळं 5, साजूक तूप 5 लिटर, काजू तुकडा 2 किलो, कोलम तांदूळ 26 ची गोणी. 26 का, 25 का नाही, असं वहिनीने विचारलं. तर 18 जुलै 2022 पासून पॅक करून लेबल लावलेल्या धान्यावर 5 टक्के जीएसटी लागला पण तो 25 किलोपर्यंतच्या पॅकला, त्याच्या वरच्याला नाही, म्हणून गिरणीवाल्यांनी एक किलो वाढवून 26 च्या गोण्या काढल्या. काकूंना हे बरोबर माहीत होतं. तुपाचा भाव आम्हाला बरा मिळाला कारण 22 सप्टेंबरला तुपावरचा जीएसटी 12 चा 5 झाला होता.

रव्याची मागणी आली होती 11 किलो, पण ॲपवर 5-5 किलोचे तीन असा लॉट होता, तोडून देत नाहीत. मी म्हटलं ठीक आहे उरलेला चार किलो मी घेते, शिरा उपमा होत राहील. हे मी का बोलले मला आजपर्यंत कळलेलं नाही.

पैसे भरायच्या पानावर दोन टिका आधीपासून होत्या. एक 10 रुपयांच्या देणगीची, ती काढली. न विचारता बास्केटमध्ये असं काही घालायचं नाही हे सरकारने नोव्हेंबर 2023 मध्येच सांगितलंय, डार्क पॅटर्न, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवायच्या युक्त्या, म्हणून 13 प्रकारांची यादी काढली त्यात हे आहे, तरी चाललंय. दुसरी टीक होती, माल नसेल तर तसाच दुसरा पाठवू का, ती आमच्या लक्षात आली नाही किंवा लक्षात येऊन पण आम्ही राहू दिली, काकू म्हणतात मी राहू दे म्हटलं, वहिनी म्हणते तिने बघितलीच नाही. मालाचे 18,162 आणि हँडलिंगचे 49, असे 18,211 मी माझ्या यूपीआयवरून भरले, बिल काकूंच्या खानावळीच्या नावाने.

शनिवारी 11 तारखेला दोन ते पाचचा स्लॉट होता, टेम्पो आला पावणेसहाला. फ्री डिलिव्हरीचा अर्थ गेटपर्यंत. दीडशे किलोच्या वर माल गेटवर ठेवून माणूस म्हणाला इथे ओटीपी द्या. लिफ्टमध्ये साखरेची गोणी घालायला वॉचमन तयार नाही, मागे एकदा टाइल्स चढवताना लिफ्ट बंद पडली होती तेव्हापासून सोसायटीचा नियम आहे. मग नाक्यावरच्या दोघांना 300 रुपये देऊन सगळं काकूंच्या खानावळीत आत लावलं आणि वाटणी रविवारी करायची ठरलं. म्हणजे माल रात्रभर काकूंकडे होता. हे महत्त्वाचं आहे.

रविवारी सकाळी नऊला काकूंचा इलेक्ट्रॉनिक काटा टेबलावर, खाली वर्तमानपत्रं, प्रत्येक घराचे डबे पिशव्या ओळीने. सुकं सामान तासाभरात झालं. बेसनाच्या पाकिटावर आईंनी तारीख वाचली तेव्हा कळलं की पॅकिंग 28 जूनचं आणि चार महिन्यांत वापरा असं लिहिलेलं, म्हणजे माल हातात आला तेव्हा 17 दिवस उरले होते. ऑनलाइन खाण्याचा माल विकणाऱ्यांना एफएसएसएआयने (सरकारी अन्नसुरक्षा खातं) नोव्हेंबर 2024 मध्ये सांगितलंय की माल हातात देताना मुदतीतले निदान 30 टक्के दिवस किंवा 45 दिवस शिल्लक पाहिजेत. इथे दोन्ही नव्हते. पण लाडू आठवड्यात वळायचेच होते, बेसन हातावर घेऊन वास घेतला, चांगलं होतं, ठेवलं. 92 रुपये का होतं ते मात्र समजलं.

मग तेल.

काकूंनी पहिल्या डब्याचं झाकण स्क्रू-ड्रायव्हरने उचकटलं, साणशीने वरची कडा वाकवली, नरसाळं लावलं. माझा स्टीलचा डबा काट्यावर ठेवून शून्य केला आणि धार सोडली. तेल बारीक धारेने पडतं तेव्हा आकडे असे सावकाश वर चढतात की सगळे गप्प होतात, चार नऊशे, चार नऊशे पन्नास, पाच. बस. मग सहाव्या मजल्यावरची वहिनी, पाच. मग चौथ्या मजल्यावरच्या काकांचा कॅन. डबा उपडा धरला, हलवला, तळाचा शेवटचा थेंब नरसाळ्यातून गेला, आणि काट्यावर 3 किलो 600.

काका म्हणाले, "डबा पंधराचा, दोघांना पाच-पाच गेले, मग माझे पाच कुठे?"

कोणीच बोललं नाही. वहिनी म्हणाली काटा बघा ना, काटा बघितला, दोन किलोचं लोखंडी माप ठेवलं तर बरोबर दोन. काका परत म्हणाले, आणि ह्यावेळी कोणाकडे न बघता म्हणाले, की रात्रभर माल इथेच होता ना. काकू आधी हसल्या, त्यांना वाटलं गंमत चाललीय, मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी हातातलं नरसाळं खाली ठेवलं आणि हात पदराला पुसत राहिल्या, पुसतच राहिल्या. डबा सीलबंद होता हो, मी तुमच्या समोर फोडला, एवढंच म्हणाल्या. काका म्हणाले मी कुठे काय म्हटलं.

आमच्या आई तोपर्यंत शेंगदाणे निवडत बसल्या होत्या. आई परळला असताना कितीतरी वर्षं मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघात होत्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पंचायत 1975 ला सुरू झाली, आजूबाजूच्या घरांचा एक संघ करायचा, महिन्याची मागणी आधी कागदावर भरून द्यायची, माल एका घरी येतो आणि सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचा. आपण जे ॲपवर नवीन म्हणून करतो ते ह्या बायका पन्नास वर्षांपूर्वी फोनशिवाय करत होत्या. तर आई उठल्या, चष्मा लावला, रिकामा डबा उजेडाकडे फिरवला आणि अंगठ्याने एका जागी तेल पुसून म्हणाल्या, हे वाच.

15 लिटर. त्याच्याखाली बारीक अक्षरात 13.65 किलो.

तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, एक लिटरचं वजन भरतं साधारण 910 ग्रॅम. पंधरा गुणिले 0.91, 13.65. दोघांना पाच-पाच गेल्यावर उरणार 3.65, त्यातलं 50 ग्रॅम डब्याला आणि नरसाळ्याला लागलं. दुसरा न फोडलेला डबा काट्यावर ठेवला तर 14 किलो 600, रिकामा पत्र्याचा डबा 950 ग्रॅम, वजा केलं की परत 13.65. कोणी काही मारलं नव्हतं. दोन डब्यांत मिळून तेलच 27 किलो 300 होतं आणि आम्ही 30 वाटायला बसलो होतो.

आता ते दोन डबे आठवा. 2,310 वाला 15 लिटरचा, म्हणजे किलोला 169 रुपये. 2,460 वाला 15 किलोचा होता, मी तिथेच फोन काढून बघितलं, म्हणजे किलोला 164, लिटरमध्ये काढलं तर साडेसोळा लिटरला थोडं कमी. महाग दिसणारा डबा स्वस्त होता. तेवढंच तेल त्या भावाने घेतलं असतं तर 143 रुपये अजून वाचले असते. पॅकवर एककाचा भाव छापायचा नियम आलाय आता, चांगला आहे, पण एका डब्यावर तो लिटरमागे आणि दुसऱ्यावर किलोमागे असला तर माणूस काय डोंबल तुलना करणार. पाउचमध्ये तर अजून मजा आहे. आमच्या नेहमीच्या सुपरमार्केटमध्ये त्या आठवड्यात एक लिटरचा पाउच 158 ला होता आणि शेजारी दिसायला तेवढाच दुसरा 149 ला, लोक 149 वाला उचलत होते, त्याच्यावर वजन 850 ग्रॅम. हिशोब केला तर पहिला किलोला 173 रुपये 60 पैसे आणि दुसरा 175 रुपये 30 पैसे. पूर्वी तेल ठरलेल्या मापातच पॅक करावं लागायचं, ते बंधन गेल्यापासून हे आठशे साडेआठशेवाले आलेत.

मग सगळ्यांचं तेल परत काढून घेतलं, घरटी 4 किलो 550. माझ्या डब्यातून 450 ग्रॅम परत ओतताना वहिनीचा हात हलला आणि अर्धा कप तेल वर्तमानपत्रावर गेलं, तेही मीच सोसलं. चौथ्या मजल्यावरचे काका आपला कॅन घेऊन वर गेले. काकूंना काही म्हणाले नाहीत. "चुकलं" हा शब्द एवढा जड असतो का, कॅन तर त्यांनी एका हातात नेला.

ह्या गडबडीत पोह्यांचं पाकीट कोणी बघितलंच नव्हतं. दुपारी एक वाजता वहिनीचा ग्रुपवर फोटो: हे पातळ पोहे आहेत का??? नव्हते. जाडे पोहे होते, कांदेपोह्यांचे, दहा किलो, सगळे. बिलावर एका ओळीत लिहिलेलं, पातळच्या जागी जाडे. ज्या माणसाने किंवा मशीनने हे ठरवलं त्याच्या लेखी पोहे म्हणजे पोहे. जाड्या पोह्यांचा पण चिवडा होतो तळून, मला माहीत आहे, पण दहा किलो तळायचे तर त्याला तेल किती, आणि तेल कमी आलंय हे वर सांगितलंच.

तक्रार केली. ॲपवरच्या चॅटमध्ये आधी बॉट, मग एक मुलगा, तो शांतपणे म्हणाला की पर्यायी मालाला तुमची संमती आहे आणि हे बिझनेस अकाउंट आहे, घरगुती ग्राहकाची रिटर्न पॉलिसी ह्याला लागू नाही. इथे मी अडकले. एरवी मी वाघीण असते, 1915 ह्या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावायला मी कधी घाबरले नाही, आणि 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत स्पष्ट आहे की तक्रारीची पोच 48 तासांत आणि निकाल महिन्याभरात. पण ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहक कोण तर विकण्यासाठी किंवा धंद्यासाठी माल घेणारा ग्राहक नाही, त्याला अपवाद आहे की स्वतःच्या पोटापाण्यासाठी छोटा धंदा करणारा माणूस धरला जातो, म्हणजे काकू एखाद वेळेस बसतील त्यात. आम्ही कशात बसतो? बिल काकूंचं, पैसे माझे, पोहे सहा घरांचे. ज्या नियमातून पळवाट काढून आत गेलो तीच पळवाट बाहेर पडताना आडवी आली. आणि काकू हात जोडून म्हणाल्या की बाई माझं अकाउंट बंद पडलं तर मला महिन्याचा तांदूळ कोण देणार, जास्त ताणू नकोस.

मी ताणलं नाही, पण सोडलं पण नाही. रोज सकाळी एक मेसेज, तोच तक्रार क्रमांक, तोच फोटो, एकच वाक्य की पातळ आणि जाडे पोहे ही एकच वस्तू नाही. नवव्या दिवशी, 21 ऑक्टोबरला, 620 रुपये आले. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी लक्ष्मी आली खरी पण ॲपच्या वॉलेटमध्ये, 90 दिवसांच्या मुदतीची, बाहेर काढता येत नाही, पुढच्या ऑर्डरमध्येच वापरायची. माल परत न्यायला कोणी आलं नाही. जाडे पोहे काकूंनी खानावळीत नाश्त्याला लावले आणि आम्ही त्याचे पैसे नको म्हटलं, जागा त्यांची, काटा त्यांचा, आणि त्या रविवारचं जे काही होतं ते पण होतं. चिवड्यासाठी दहा किलो पातळ पोहे वाण्याकडून 75 रुपयांनी आणले.

रव्याचं थोडक्यात सांगते. चार किलो रवा दिवाणात ठेवला पाकिटासकट, भाजला नाही, आई दोनदा म्हणाल्या भाजून ठेव. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी पाकीट उघडलं तर रव्याला जाळी धरलेली, गोळे झालेले, हाताने फोडले तर आत अळ्या. ऑक्टोबरचा उकाडा, दिवाणातली कोंदट हवा, दुसरं काय होणार. चाळला, बघितला, टाकला. 168 रुपये.

तर हिशोब असा. तोच सगळा माल सुपरमार्केटमधून घेतला असता तर 19,588 झाले असते, म्हणजे कागदावर वाचले 1,426. सगळ्यात जास्त बेसनावर 240 आणि तुपावर 200, तांदूळ आणि काजूवर दीड-दीडशे, तेल ज्याच्यासाठी एवढं रामायण झालं त्याच्यावर फक्त 120. आता वजा करा: हँडलिंग 49, हमाली 300, रवा 168, पोह्यांवर वाचणार होते ते 100 गेले आणि वाण्याला 30 जास्त दिले ते 130. उरले 779. भागिले सहा, 130 ला सतरा पैसे कमी. ह्यात तीन बायकांचा अख्खा रविवार धरलेला नाही, माझ्या खात्यातून पंधरा दिवस बाहेर असलेले पैसे धरलेले नाहीत (शेवटच्या घराचे भाऊबीजेला आले, ओवाळणीसारखे), आणि काकूंनी हात पुसले ते कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

माझं मत विचाराल तर चूक ॲपवर भाव बघताना झाली नाही, चूक ही झाली की मागणी, पैसे, पावती आणि वाटप ही चार कामं कोणाची हे ठरलेलंच नव्हतं. पंचायतीच्या संघात मागणीचा कागद असतो, त्याच्यावर माप लिहिलेलं असतं, माल आला की आधी कागदाशी ताडून बघतात आणि मग पिशव्या उघडतात. आमच्याकडे ग्रुपवर "मला पण 5 तेल" आणि अंगठ्याचं चिन्ह. आई हे सगळं आधीच सांगू शकल्या असत्या, पण बुधवारी रात्री त्यांना खाली बोलवायचं आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही, ॲपमधलं त्यांना काय कळणार असं बहुतेक आम्ही धरून चाललो.

जानेवारीत संक्रांतीच्या आधी दुसरी ऑर्डर केली, कारण ते 620 रुपये 19 तारखेला बुडणार होते. ह्यावेळी पाच घरं. चौथ्या मजल्यावरच्या काकांनी ग्रुप सोडला होता, कारण दिलं नाही, आम्ही विचारलं नाही. कागद आईंनी आखला, प्रत्येक वस्तूपुढे किलो की लिटर असा रकाना, पैसे आधी गोळा, पर्यायी मालाची टीक काढलेली, आणि यादीत चारच गोष्टी: तीळ 5 किलो, गूळ 10 किलो, तांदळाची 26 ची गोणी आणि तेलाचा एक डबा, 15 किलोचा. रवा नाही. तांदळाची गोणी वॉचमनच्या डोळ्यासमोर माझ्या नवऱ्याने आणि वहिनीच्या मुलाने दोघांनी मिळून आत नेली. घरटी वाचले 86 रुपये आणि वाटप चाळीस मिनिटांत संपलं.

वॉलेटचे 620 ह्या बिलात वळते झाले. आई म्हणाल्या त्यात सहावा वाटा चौथ्या मजल्याचा आहे. 620 भागिले सहा, 103 रुपये आणि काही पैसे. मी पाकिटात घालून वर नेऊन दिले, कशाचे ते सांगितलं. काकांनी दारातच मोजून घेतले.